रॉटवायलरसाठी कोल्हापूरच्या सुभाषनगरात बनवून घेतलेला कातडी पट्टा आणि लीश : वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडं रॉटवायलर, डोबरमन, केन कोर्सो असलं ताकदीचं कुत्रं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांना घ्यायचं मनात आहे त्यांनी तर आधी हे वाचा मग पिल्लू बघायला जावा. वस्तू तशी साधी आहे, गळ्यातला पट्टा आणि हातातली लीश, म्हणजे पट्ट्याला हुकानं अडकवून कुत्रं धरायचा लांब दोर. सुभाषनगरात एका चप्पल बनवणाऱ्या मामांच्याकडनं मापानं बनवून घेतलीय. पट्टा दोन इंच रुंद, म्हशीच्या कातड्याचा, आतनं बकऱ्याच्या मऊ कातड्याचं अस्तर, पितळी बक्कल आणि वेल्डिंग केलेली जाड डी-रिंग, म्हणजे लीशचा हुक अडकवायची डी आकाराची कडी. लीश चार फुटी, इंचभर रुंद, शेवटाला मूठ आणि हुकाच्या जवळ आणखी एक छोटी मूठ. दोन्हीचे मिळून २,८०० रुपये झाले. एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा काढून झालाय, त्यामुळं आता खात्रीनं सांगतो, लई भारी काम आहे आणि या पैशात बाजारात मला तरी असलं काही दिसलेलं नाही.

आमचा भैरू रॉटवायलर, नर, वजन ४८ किलो. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डमध्ये (जातीच्या ठरलेल्या मापदंडात) या जातीच्या नराची खांद्यापर्यंतची उंची ६१ ते ६८ सेंटीमीटर आणि वजन ५० किलोच्या आसपास दिलंय, मादी ५६ ते ६३ सेंटीमीटर आणि ४२ किलोच्या आसपास. म्हणजे हा फार अवाढव्य वगैरे नाही, नेमका मापातला आहे, आणि मापातलाच एवढा असतोय हे पिल्लू घेताना कुणी नीट सांगत नाही. रस्त्यावर कशाच्या तरी मागं एकदम झेपावला की ४८ किलोचा झटका येतो, आणि तो सगळा झटका येऊन बसतो कुठं, तर त्या अंगठ्याएवढ्या हुकावर. म्हणून पट्टा आणि लीश ही माझ्या दृष्टीनं शोची वस्तू नाहीच, समोरनं येणाऱ्या माणसाची ती सेफ्टी आहे. खाणं, डॉक्टर, ट्रेनर यावर लोक हजारो रुपये घालतात आणि लीश मात्र दोनशे-तीनशेची घेतात, हे मला पटत नाही.

आधी ऑनलाइन मागवलेली नायलॉनची लीश होती, हेवी ड्युटी म्हणून विकलेली, कंपनीचं नाव टाकत नाही. एके दिवशी पहाटे कळंबा तलावाच्या बाजूला फिरवत असताना एक ससा की मुंगूस काहीतरी आडवं गेलं, भैरूनं हिसका दिला आणि हुकाची फिरणारी मान कट्कन मोडली. नायलॉनला काही झालेलं नव्हतं, शिलाईपण शाबूत. मोडलेला तुकडा हातात घेऊन बघितला तर वरनं चकचकीत पॉलिश आणि आत राखाडी, दाणेदार, रव्यासारखं. झिंकचं ओतकाम ते, असला धातू वाकत नाही, सूचना देत नाही, सरळ मोडतो. भैरूला पिल्लू असल्यापासनं ‘थांब’ शिकवलंय, दिवसातनं दहा वेळा घरात-दारात तेच करून घेतो, त्यामुळं एका हाकेला जागेवर थांबला आणि पट्ट्याला धरून घरी आणला. पण तिथंच ठरवलं की आता लीश घेताना आधी लोखंड-पितळ बघायचं आणि मग बाकीचं.

एका मित्रानं सांगितलं की सुभाषनगरात मामांच्याकडं जा, ते बैलांच्या गळ्यातले चामड्याचे पट्टे करतात, कुत्र्याचापण करतील. कोल्हापुरी चप्पल म्हटलं की बाहेरचे लोक चप्पल लाईनमधली दुकानं बघून जातात, पण बरंचसं बनवायचं काम सुभाषनगर-जवाहरनगरच्या घराघरात चालतं. या चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. आणि त्या चपलेत जी ताकद असते ती कातडं कमावायच्या पद्धतीत असते, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, केमिकलमध्ये कमावलेल्या क्रोम लेदरसारखं लुसलुशीत नसतंय, पहिल्यांदा हाताला पाटीसारखं कडक लागतं, पण ओढलं तर फारसं वाढत नाही आणि वापरेल तसं त्याला वळण लागत जातं. कुत्र्याच्या पट्ट्याला नेमकं हेच पाहिजे असतंय. मऊ आहे म्हणून घेतलेला पट्टा चार महिन्यात ढिला पडतो, एकेक भोक पुढं सरकवत जायचं आणि मग एक दिवस डोक्यातनं निघतो.

मामांच्याकडं भैरूला घेऊनच गेलो, सकाळी लवकर, गल्लीत वर्दळ नसताना. मामा खाली पोत्यावर बसलेले, समोर दगड, बाजूला रापी, आरी, हातोडी, सुताची गुंडाळी. कुत्रं बघून उठले नाहीत की घाबरले नाहीत, नुसतं विचारलं, “वढतंय का लई?”

म्हटलं, “ओढत नाही मामा, पण ओढलं तर आवरलं पाहिजे.”

“मग बरोबर हाय. बसवा त्येला हितं.”

भैरूला बसवला. मामांनी त्याच्याकडं बघितलंच नाही, आपलं काम करत राहिले, पाचेक मिनिटं तशीच गेली, भैरू आपणहून पुढं सरकून त्यांच्या गुडघ्याचा वास घेऊन परत बसला, तेव्हा कुठं त्यांनी टेप काढली. कुणी शिकवलंय माहीत नाही पण अनोळखी रॉटवायलरला भेटायची याच्याइतकी चांगली पद्धत नाही. घरी येणारे पाहुणे डोळ्यात डोळे घालून वरनं डोक्यावर हात आणतात आणि मग कुत्रं गुरगुरलं म्हणतात.

मान मोजली आणि म्हणाले, “आता डोस्कं मोजा.” मी बघतच राहिलो. मामा म्हणाले, “मान आन् डोस्कं जवळजवळ सारखंच हाय की ह्येचं. मागं सरलं तर पट्टा सुटतोय बघा.” ही गोष्ट इतकी बरोबर आहे की जाड मानेच्या कुठल्याही कुत्र्याला लागू होते, आणि रेडीमेड पट्ट्याच्या पाकिटावर फक्त मानेचं माप दिलेलं असतंय. त्यांनी कानाच्या मागं जिथं मान बारीक असते तिथलं एक माप घेतलं, खाली खांद्याजवळचं दुसरं आणि डोक्याचा घेर तिसरा, आणि भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाडायची ठरवली म्हणजे दोन बोटं जातील एवढीच जागा राहील, त्यापेक्षा जास्त नाही कमी नाही.

मग कातडं दाखवलं. एका मोठ्या तुकड्यावर हात फिरवत म्हणाले, “ही पाठ, हे पोट. पोटाचं वढलं की वाढतंय. पाठीचं न्हाई.” दोन पट्ट्या माझ्या हातात देऊन ओढायला लावल्या, आणि खरंच फरक हाताला कळला, पोटाकडची पट्टी रबरासारखी नाही पण जराशी देते आणि तशीच राहते. आमचा पट्टा पाठीच्या कातड्यातनं कापला. बक्कल जिथं बसते तिथं कातडं दुमडावं लागतं, तिथली जाडी रापीनं आतनं सोलून पातळ केली, म्हणजे गळ्याखाली गाठ टोचत नाही. शिलाई मशीनची नाही, हातची, एकाच भोकातनं दोन्हीकडनं सुया घालून दोरा आवळत जायचा, दोऱ्याला मेण. एक टाका तुटला तरी बाजूचे धरून राहतात, मशीनच्या शिलाईसारखं सगळं उसवत जात नाही. मी डी-रिंगबद्दल विचारायच्या आधीच म्हणाले, “कातडं तुटायचं न्हाई दादा, तुटंल ती कडी. कडी तुम्ही आणा, चांगली बघून.” म्हणून लक्ष्मीपुरीतनं हार्डवेअरच्या दुकानातनं भरीव पितळी हुक आणि वेल्डिंग केलेली कडी मीच आणून दिली, त्याचे पैसे वर धरलेल्या २,८०० मध्येच आहेत. वाकवून नुसतं टोक भिडवलेली कडी घेऊ नका, जोर आला की ती उघडते.

गोंडा लावू का म्हणून विचारलं होतं, गोंडा नको म्हटलं, पण चपलेवर असते तसली बारीक वेणी पट्ट्याच्या मधोमध मारून दिलीय, वादीची, आणि ती एवढी देखणी दिसते की फिरायला गेलं की रोज कुणी ना कुणी विचारतंच.

आता वापराबद्दल. कातडी लीशचा सगळ्यात मोठा फायदा ताकदीचा नाहीच, तो आहे हातात येणाऱ्या खबरीचा. नायलॉन हातातनं सरकतं आणि जोरात ओढलं की तळहात भाजतो, साखळी नुसती खळखळ वाजते, आणि ती बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश तर या जातीच्या कुत्र्याला लावूच नये, पंधरा फुटावर गेलेलं पन्नास किलोचं कुत्रं बटणानं थांबत नसतंय. चपट्या कातड्याच्या लीशमधनं मात्र कुत्र्याच्या अंगातली हालचाल सरळ बोटाला कळते, औत हाकणाऱ्याला कासऱ्यातनं बैलाची मान कळते तशी. लीश सैल झोळ खात असते, आणि भैरूचं लक्ष कुठंतरी बांधलं गेलं की तो ओढायच्या आधीच तो झोळ जरासा कमी होतो. तेवढा क्षण मिळाला की सगळं मिळालं.

रंकाळ्यावर पहाटे जातो आम्ही, उन्हाळ्यात तर सहाच्या आत परत यायचं कारण काळं, दुहेरी केसांचं कुत्रं, कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हात त्याला आठनंतर डांबरी रस्त्यावर काढणं म्हणजे छळच. तर तिथं मोकाट कुत्र्यांचा एक कळप आहे, एकदा ती पाच-सहा जणं मिळून भुंकत अंगावर आली. भैरू भुंकला नाही. तोंड मिटलं, कान पुढं आले, अंगाचा भार पुढच्या पायावर गेला आणि तो एकदम स्थिर झाला. रॉटवायलर ओळखायचा तर हे ओळखायला शिका, उघड्या तोंडानं जीभ बाहेर काढून हलणारं कुत्रं निवांत असतंय, मिटल्या तोंडानं एका जागी थिजून टक लावलेलं कुत्रं पुढचं ठरवत असतंय. लीशमध्ये तो ताण आला तसा मी जवळची छोटी मूठ धरली, कुत्र्यांच्या आणि त्याच्या मधी स्वतः आलो, ‘चल’ म्हटलं आणि कडेनं वळसा घालून पुढं निघालो. ओरडायचं नाही, लीश वर खेचून धरायची नाही, वर खेचली की कुत्र्याचे पुढचे पाय हलके होतात आणि त्याला वाटतं मालकपण भिडायला तयार आहे. समोरनं काठी टेकत एक आजोबा येत होते, लांबनंच विचारलं, “धरलंय न्हवं?” म्हटलं, “धरलंय आजोबा, जावा निवांत.” आणि ते निवांत गेले. पट्टा चांगला आहे हे मला तिथं कळलं, कारण ते वाक्य मी खात्रीनं बोलू शकलो.

या जातीबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण नुसता पट्टा घेऊन काही होत नाही. रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरनं पडलंय. तिथले खाटीक जनावरं हाकायला आणि मटणाच्या गाड्या ओढायला ही कुत्री वापरायचे, आणि असं सांगतात की बाजारातनं परत येताना मालक पैशाची पिशवी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. म्हणजे गळ्यातला पट्टा या जातीला पहिल्यापासनं जबाबदारीचाच. पुढं रेल्वे आली, जनावरं रस्त्यानं चालवत न्यायचं बंद झालं, काम गेलं आणि जात संपायला आली, १८८२ सालच्या हाइलब्रॉनच्या डॉग शोमध्ये या जातीचं एकच कुत्रं आलं होतं अशी नोंद सांगतात. १९१० मध्ये पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाली, १९२१ मध्ये एडीआरके हा जर्मन क्लब झाला आणि त्यानंतर जात परत उभी राहिली. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की हे कुत्रं माणसाबरोबर काम करायला घडवलेलं आहे, नुसतं अंगावर जायला नाही. स्टँडर्डमध्ये स्वभाव लिहिलाय तोसुद्धा शांत, मुलांची आवड असलेला, आज्ञेत राहणारा, कामाला उत्सुक असा.

आणि राखण त्याला शिकवावी लागत नाही. ‘चावायला शिकवून देतो’ म्हणणारे ट्रेनर भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, कळकळीनं सांगतोय. फाटकाशी कोण आलं, कोण रोजचं, कोण नवं, हे भैरूला कुणी शिकवलेलं नाही. तो फार भुंकतपण नाही, दूधवाल्याला नाही, पेपरवाल्याला नाही, पण रात्री कुणी फाटकाला हात लावला की दोनदाच भुंकतो आणि तो आवाज शेजारच्या गल्लीत जातो. शिकवायचं असतं ते उलटं, म्हणजे थांबायचं कसं, सोडायचं कसं, माणसं घरात आल्यावर आपल्या जागेवर बसायचं कसं, डॉक्टरनं तोंड उघडलं तर उघडू द्यायचं कसं. पिल्लूपणी तीन-चार महिन्यांपर्यंत जेवढी माणसं, गाड्या, फटाके, ढोल-ताशे, टोपीवाले, हेल्मेटवाले, काठीवाले दाखवता येतील तेवढे लांबनं, न घाबरवता दाखवायचे. कोल्हापुरात तर गणपतीची मिरवणूक चुकवून चालतच नाही, तो आवाज कधीतरी घरापर्यंत येणारच. लसी पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडू नका फक्त, कडेवर घेऊन दाखवा, कारण या जातीला पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाचा धोका इतर जातींपेक्षा जास्त असतो.

गुरगुरण्याबद्दल पण बोलतो. रॉटवायलर लाडात आला की छातीतनं एक घरघर काढतो, अंगावर रेलतो, तुमच्या मांडीवर सगळा भार टाकून उभा राहतो, नवीन माणूस घाबरतो पण ते प्रेम असतंय, अंग सैल असतं, डोळे अर्धे मिटलेले. आणि खरी ताकीद देणारं गुरगुरणं असतं तेव्हा अंग ताठ, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. ती ताकीद दिली म्हणून कुत्र्याला मारायचं नाही कधी. गुरगुरलं की मार मिळतो हे एकदा त्याला कळलं की ते गुरगुरायचं सोडतं, आणि मग न सांगता चावतं. माझ्या पुतणीला हे सगळं पाठ आहे, पाचवीत आहे ती, भैरू जेवताना आणि झोपलेला असताना त्याच्याजवळ जायचं नाही हा घरातला नियम ती आलेल्या मोठ्या माणसांनापण सांगते. तरीपण लहान पोरं आणि भैरू यांना आम्ही मोठं माणूस असल्याशिवाय एकत्र ठेवत नाही, भरवसा नाही म्हणून नाही, त्याची ताकद आहे म्हणून. खेळता खेळता नुसता धक्का लागला तरी पोरगं दोन फूट लांब पडतंय.

कायद्याचं पण माहीत असू द्या. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र काढून २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं, त्यात रॉटवायलर होता. आधी कर्नाटक हायकोर्टानं आणि मग १६ एप्रिल २०२४ ला दिल्ली हायकोर्टानं ते पत्र रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. त्या महिन्यात किती लोकांनी आपली कुत्री रात्रीत रस्त्यावर सोडली असतील या विचारानं अजून पोटात कालवतं. पण पत्र रद्द झालं म्हणजे आपली जबाबदारी रद्द झाली नाही. आपल्या जनावरापासनं माणसाला धोका होणार नाही याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दुसऱ्या बाजूनं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोपण गुन्हा.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं कारण आपल्याकडं मळ्यातल्या वस्तीवर, फार्महाऊसवर रॉटवायलर आणतात आणि दिवसभर साखळीला बांधून रात्री सोडतात. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला समोरनं जाणारं प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी दिसते पण जवळ जाता येत नाही, वास घेता येत नाही, त्याचा राग साचत जातो आणि मालक म्हणतो बघा कसं तापट आहे. ते तापट नाही हो, ते वैतागलंय. हा पट्टा त्यासाठी नाही. मामांनी मला स्पष्ट विचारलं होतं, बांधायला पाहिजे का फिरवायला, आणि बांधायला म्हटलं असतं तर काय म्हणाले असते माहीत नाही पण फिरवायला म्हटल्यावर मान डोलावली.

खिळ्यांचा पट्टा मिळेल का म्हणून एकजण माझ्यासमोरच विचारत होता. हिमालयात मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात ते बिबट्यानं मान धरू नये म्हणून, तिथं त्याला अर्थ आहे. राजारामपुरीच्या गल्लीत खिळे घालून फिरवलं तर नुसती माणसं घाबरतात, आणि घाबरलेली माणसं बघून कुत्रंपण ताणात येतं. चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याला आवळणारी साखळी, तिच्याबद्दलपण माझं मत वाईटच आहे, श्वासनळीला इजा होऊ शकते आणि कुत्रं शिकत काहीच नाही.

आता या पट्ट्याचे तोटे सांगतो, आहेत. पहिलं म्हणजे पाऊस. कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, कातडं दोन दिवस ओलं राहिलं की पांढरी बुरशी धरते. पावसात मी भैरूला साधा नायलॉनचा पट्टा घालतो, त्यावर मात्र हुक-कडी पितळी लावून घेतलीय, आणि कातडी पट्टा कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात. चुकून भिजलाच तर पंख्याखाली सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, चुलीजवळ तर अजिबात नाही, तडकतो. महिन्यातनं एकदा खोबरेल तेलाचा हात, तोपण हलका, जास्त झालं की कातडं मऊ पडून वाढायला लागतं. दुसरं, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पट्टा कडक असतो आणि नव्या कातड्याचा रंग गळ्याखालच्या तांबूस केसांना लागतो, पांढऱ्या कुत्र्याला तर ठळक दिसेल. तिसरं, वास. कातड्याचा वास कुत्र्याला चघळायच्या वस्तूसारखा येतो, लीश खुंटीला उंच टांगा, खाली ठेवली की संपली. चौथं, वेळ लागतो. आठवड्यात देतो म्हणाले होते, मधी लग्नसराईच्या चपलांची ऑर्डर आली आणि महिना गेला. फोन केला तर “करालोय की” हेच उत्तर. काम बघितल्यावर ते सगळं विसरलो पण घाई असणाऱ्यानं जाऊ नये. आणि वजन, पितळेमुळं पट्टा जड आहे, घरात असताना मी काढूनच ठेवतो, केसपण घासत नाहीत आणि मानेची कातडी मोकळी राहते.

वर्षभरानं आजची स्थिती अशी की शिलाईचा एक टाका हललेला नाही, भोकं लांबट झालेली नाहीत, रंग मधासारखा होता तो आता गडद तपकिरी झालाय आणि हाताला अगदी मऊ लागतो. हुक मी दर रविवारी बघतो, स्प्रिंगमध्ये केस-माती अडकते ती ब्रशनं काढायची, कडीला आणि बक्कलच्या काट्याला नखानं घासून बघायचं कुठं खाच पडलीय का.

पिल्लू असेल तर आत्ता हा पट्टा घेऊ नका. रॉटवायलर उंचीनं वर्ष-दीड वर्षात होतो पण छाती आणि मान दोन-तीन वर्षांपर्यंत भरत राहते, तोवर दर थोड्या महिन्यांनी माप बदलतं. तोपर्यंत हलका पट्टा किंवा नीट बसणारं हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचे पट्टे) पुरतं. मामा हार्नेसपण करतात, पण त्याचं काम मी अजून वापरून बघितलेलं नाही त्यामुळं त्यावर बोलत नाही. आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं कुणी देत असेल तर घेऊ नका, २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमानुसार ते विकताच येत नाही, आईबापाला समोर बघा, शक्य असेल तर त्यांचे खुब्याचे एक्सरे मागा, या जातीत हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष, बराच आढळतो.

ऑर्डर द्यायची असेल तर पावसाळ्याच्या आधी किंवा दिवाळीनंतर द्या, हुक आणि कडी आपली घेऊन जावा, भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील, आणि कुत्रं सोबत न्या म्हणजे तिन्ही मापं नीट घेता येतील. रेबीजच्या लसीचं कार्ड जवळ ठेवा, मामांनी मला विचारलं होतं. सकाळी नऊच्या आत गेलात तर गल्लीत गाडी लावायला जागा मिळते आणि कुत्र्यालापण गर्दीचा त्रास होत नाही.